गरी, गांडूळ आणि नवरोबा

शनिवार, पहाटेचे पाच. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात ही वेळ दोनच कारणांनी येते. फ्लाइट पकडायची असते किंवा फ्रायडे नाइट अजून संपलेली नसते! पण गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसरा होऊन आठवडा झाला होता तेव्हा, मी आणि माझा नवरा याच वेळी सोसायटीच्या गार्डनमध्ये नळाजवळची ओली माती उकरत होतो. वॉचमनकाका टॉर्च घेऊन धावत आले.

''मॅडम, काही हरवलं का?''

''नाही काका, गांडुळं शोधतोय.''

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवरोबाकडे, आणि काही न बोलता टॉर्च आमच्यासाठी धरून उभे राहिले.

त्याचं झालं असं. नवरोबा पुण्याचा. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत टेस्टर. अंड्यापर्यंत नॉनव्हेज, त्यापुढे नाही. पण रात्री बारानंतर याला मासेमारीचे व्हिडिओ बघायची सवय लागली आणि एक दिवस कुरिअरने चक्क फोल्डिंगचा रॉड, चकचकीत रीळ आणि रंगीत प्लास्टिकच्या खोट्या माशांचा डबा घरी आला. मी सहज बोलून गेले, ''हे आपल्या नदीत नाही चालणार. साधी गरी लागेल.''

''तुला काय माहीत?''

''मला येतात मासे धरता.''

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझा ब्लड ग्रुप, माझे पासवर्ड, माझी कॉलेजमधली अफेअर्स सगळं याला माहीत. हे एक माहीत नव्हतं. कारण हे मी कुणालाच सांगत नव्हते.

नदी बंद!

सावनेर तालुक्यातलं खापा हे माझं आजोळ. कन्हानच्या काठावर वसलेलं, विणकरांचं जुनं गाव. आमच्या घरात हातमाग होता आणि सुट्टीत दुपारभर त्याची खटखट चालायची. पण सकाळ असायची नदीची. मामा मला सायकलच्या दांड्यावर बसवून घाटावर न्यायचे. वेळूची काठी, नायलॉनचा दोरा, लोखंडी गळ आणि दोऱ्याला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. या सगळ्या जामानिम्याला आमच्याकडे म्हणतात गरी. सहाव्या वर्षी मी पहिला मासा धरला. बाराव्या वर्षी तर मामेभावापेक्षा माझ्या पिशवीत जास्त मासे असायचे.

तेराव्या वर्षी आजीने सांगितलं, ''आता नदीवर नाही जायचं. मोठी झालीस.''

बास. चर्चा नाही, भांडण नाही. मामेभाऊ जात राहिला. मी माडीवरून त्याला जाताना बघायचे. मामा तेव्हा दारातच चपला घालत होते. ते काहीच बोलले नाहीत. मला आजीचा राग नाही आला, मामांचा आला. तो पंधरा वर्षं टिकला. म्हणजे मी खाप्याला जायचे, लग्नकार्याला, आजीच्या तेराव्याला. पण घाटाच्या बाजूला वळले नाही.

कोराडीच्या चिमण्या मागे टाकून...

नागपूरहून खापा सव्वा तासाच्या अंतरावर. मानकापूर सोडलं की कोराडीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात, मग पाटणसावंगी, मग सावनेर. सावनेरला तर्री पोह्यासाठी थांबणं कंपल्सरी! पोहे खाता खाता मी नवरोबाला जनरल नॉलेज पाजलं की 'एकच प्याला'वाले राम गणेश गडकरी 1919 च्या जानेवारीत याच गावी वारले. पुण्याच्या माणसाला हे माहीत नसल्याचा आनंद तर्रीपेक्षा जास्त झणझणीत होता.

सावनेरहून उजवीकडे फाटा घेतला की संत्र्याच्या बागा, कपाशी आणि मग खापा. कन्हान इथे येते ती सातपुड्यातून, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून. इथून खाली कामठीकडे जाते, पेंच आणि कोलारला भेटते आणि पुढे वैनगंगेला मिळते. आणि हो, आपल्या फ्लॅटमध्ये नळाला येणाऱ्या पाण्यात या नदीचाही वाटा आहे. नागपूरला पेंचसोबत कन्हानचंही पाणी मिळतं. म्हणजे पंधरा वर्षं मी नदीशी बोलत नव्हते, पण रोज तिनेच आंघोळ करत होते. कमाल आहे ना?

मामा दारातच उभे होते. आता साठी ओलांडलेले, केस पांढरे. हातमाग कधीचाच गेलाय, त्या जागी आता मोटरसायकल उभी असते.

''मामा, माझी गरी आहे का हो अजून?''

''ते काठी? दोडक्याच्या येलाले लावली ना बापा. धा-बारा वर्षं झाले.''

सिनेमात असती तर काठी माळ्यावर जपून ठेवलेली निघाली असती. खऱ्या आयुष्यात तिच्यावर दोडके लागले. मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. मामांनी परसातून दोन नव्या काठ्या तोडून दिल्या. नवरोबाने आपला फोल्डिंगचा रॉड हळूच कारच्या डिकीत ठेवून दिला.

बोटांना आठवतं का?

पहिला प्रॉब्लेम गाठीचा आला. मी ऐटीत दोऱ्याला गळ बांधला आणि ओढून दाखवला. टपकन सुटला! मी बांधली होती ती आजीची गाठ, मागावर तुटलेला धागा जोडायची. सुताला ती घट्ट बसते, पण नायलॉन गुळगुळीत असतं, त्यावर ती सरकते. दुसऱ्यांदा बांधली, पुन्हा सुटली. एक गळ तर सरळ गवतात गायब.

मग मी डोकं वापरायचं थांबवलं आणि बोटांना करू दिलं. गळाच्या डोळ्यातून दोरा ओवला, त्याचं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा गुंडाळलं, टोक परत गळाजवळच्या फटीतून आणलं, थुंकीने ओलं केलं आणि हळूहळू ओढलं. ओलं करायचं, कारण कोरडा नायलॉनचा दोरा घासून तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. हे मला कधी कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. मामा करायचे, मी बघायचे. या वेळेला मात्र गाठ बसली. नवरोबाच्या चेहऱ्यावरचा तो 'वॉव' मला तीन वर्षांत पहिल्यांदा दिसला. प्रमोशनच्या दिवशीसुद्धा नव्हता!

ही ती नदी नाही

माझी एक ठरलेली जागा होती. काठापासून पंधरा-वीस पावलांवर पाण्यात एक चपटा खडक. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि त्यावर बसायचं. खडक तिथेच होता. मी सलवार वर खोचली आणि पाण्यात पाय टाकणार, तोच मामांनी दंड धरला.

''तिकडं नाही जायचं. रेती काढून काढून डोह झाले हायेत. जिथं गुडघा होता, तिथं आता माणूस बुडते.''

पाण्याकडे बघून काहीच कळत नव्हतं. वरून तीच शांत, हिरवट कन्हान. वाळू उपसलेल्या नदीत हाच धोका असतो. तळ पूर्वीसारखा उतरता राहत नाही, मध्येच खड्डे पडतात आणि ओळखीचा माणूसच ओळखीच्या भरवशावर फसतो. वाळू गेली की वाळूत अंडी घालणाऱ्या, आसरा घेणाऱ्या माशांचंही घर जातं. मी पाय मागे घेतला. 'नदीवर नाही जायचं' हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते, पण या वेळी त्यात कारण होतं. आणि सांगणारा माझ्यासोबत काठावर बसणार होता.

आम्ही तिघं करंजाच्या सावलीत ओळीने बसलो.

वाट बघण्याचा क्रॅश कोर्स

नवरोबाचा परफॉर्मन्स? सांगते. पहिल्या दहा मिनिटांत त्याने गरी चौदा वेळा वर काढली. धांड्याचा तुकडा जरा हलला की झटका! प्रत्येक वेळी गळ रिकामा, गांडूळ गायब. शिवाय बडबड चालू. ''इथे मासे आहेत ना नक्की? जागा बदलायची का?''

मग मी त्याला समजावलं. छोटे मासे आधी आमिषाला टोचा मारतात, तेव्हा धांडा नुसता थरथरतो. त्या वेळी ओढलंस तर त्यांच्या तोंडातून आमिषच निसटतं. मोठा मासा आमिष तोंडात घेऊन निघतो, तेव्हा धांडा एका बाजूला सरकतो किंवा बुडतो. तेव्हा ओढायचं, आणि तेही खांद्याने नाही, मनगटाने. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी मामांचेच शब्द बोलतेय, त्यांच्याच चालीत : हालला तं थांबाचं, बुडला तं वढाचं.

मामा पाण्याकडे बघत होते.

एक गोष्ट सांगू? गरी टाकून बसलं की माणसं एकमेकांसमोर नसतात, शेजारी असतात. सगळ्यांची नजर एकाच दिशेला. मीटिंगमध्ये, डायनिंग टेबलवर, समोरासमोर जे विचारायला जीभ वळत नाही, ते इथे विचारता येतं. कारण उत्तर देणाऱ्याला तुमच्याकडे बघावं लागत नाही.

''मामा, आजीने मला नदी बंद केली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?''

बराच वेळ काही नाही. पलीकडच्या काठावर एक खंड्या पाण्यात सूर मारून गेला.

''नाही बोललो,'' मामा म्हणाले. ''बोलाले पाह्यजे होतं.''

एवढंच. मी पंधरा वर्षं मनात लांबलचक भाषणं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही.

तेवढ्यात नवरोबाने दबक्या आवाजात विचारलं, ''मामा, माझा तुकडा बाजूला सरकतोय. ओढू का?''

मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ''मले काय विचारता जावईबापू? तुमच्या मास्तरणीले विचारा.''

''ओढ!'' मी म्हटलं.

चिरचिरणारा मासा

वर आला तो वीतभर लांबीचा, मिशीवाला टेंगरा. पाण्याबाहेर आल्या आल्या चिर्र चिर्र असा आवाज करायला लागला. हा मासा कल्ल्यांजवळचे काटे खोबणीत घासून खरंच आवाज काढतो. नवरोबा आनंदाने वेडा होऊन त्याला मुठीत धरणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. टेंगऱ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. घाबरला की तो काटे ताठ करून लॉक करतो आणि ते हातात घुसले की दिवसभर ठणका. मी ओल्या फडक्यात त्याला मागून धरलं आणि गळ सोडवला.

''सोडूया का याला?'' नवरोबा म्हणाला.

''सोडता कायले? रस्सा होते,'' मामांना पटलं नाही. पण मासा त्याचा होता. त्याने वाकून पाण्यात सोडला आणि तो गेला त्या जागेकडे बघत राहिला.

मला लागलेला मासा मात्र लहानपणी मी क्वचितच पाहिलेला. चिलापी. मूळची आफ्रिकेतली ही जात 1952 मध्ये भारतात आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती कुठेही तग धरते आणि भराभर वाढते. स्थानिक माशांना मग जागा उरत नाही. ''आता हेच जास्त लागते,'' मामा म्हणाले. मरळ, वाम लागतात अजून, पण पूर्वीसारखे नाहीत.

चिलापी आम्ही सोडली नाही. मामीने विणकरांच्या घरातला अस्सल सावजी रस्सा केला. नागपूरचं प्रसिद्ध सावजी मुळात कोष्टी विणकरांच्या चुलीवरचंच. नवरोबाने मासा बाजूला सारला आणि नाकातोंडातून पाणी काढत रस्साभात तीनदा घेतला. पुण्याच्या मानाने ही क्रांतीच!

निघताना मामांनी दोन्ही काठ्या कारच्या टपावर स्वतः बांधल्या. मी म्हटलं, इथेच राहू द्या, पुन्हा येऊच. ''इथं ठेवल्या तं दोडके लागतीन,'' ते म्हणाले.

सध्या त्या काठ्या आमच्या बाल्कनीत आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा पाच वाजता उठायचंय. वॉचमनकाकांनी म्हणे नळाजवळची जागा ओली ठेवलीये.

जायचा प्लॅन करताय?

कसं जाल : नागपूरहून सावनेरमार्गे खापा, साधारण सव्वा तास. एसटीने सावनेर आणि तिथून पुढे खापा असंही जाता येतं.

कधी : दसऱ्यानंतर पाणी निवळतं. सकाळची वेळ उत्तम. पावसाळ्यात नको, नदीला पूर असतो आणि तो माशांच्या अंडी घालण्याचा काळही असतो.

काय न्याल : साधी काठी, जास्तीचे गळ, ओलं फडकं, टोपी, पाणी. गांडूळ नको वाटत असेल तर कणकेचा घट्ट गोळा चालतो.

हे नक्की पाळा : स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. वाळूच्या खड्ड्यांचा अंदाज काठावरून येत नाही. धीवर बांधवांच्या जाळ्यांपासून लांब बसा, त्यांचं पोट त्यावर आहे. तलावात गरी टाकायची असेल तर तो मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने दिलेला आहे का, ते आधी विचारा. आणि कुणी सुरुंग किंवा विषाने झटपट मासे काढायची आयडिया दिली तर सरळ नाही म्हणा. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे. तुटलेला नायलॉनचा दोरा खिशात घालून परत आणा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : सोबत कुणालातरी न्या. शक्यतो ज्याला काहीच येत नाही असं!