नवेगावबांधच्या काठावरील भोजनालय

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. त्याचे किनारे तलावांचे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावबांधचा तलाव त्यांत अग्रगण्य होय. भोवती वनाच्छादित टेकड्या, खाली धानाची शेते, पाण्यावर ढीवरांच्या नावा.

अशा काठावर जैन कुटुंबाने भोजनालय काढायचे, तर मासळीच्या गावात शाकाहारी पाटी चालेल का, हा प्रश्न प्रथम मनात येतो. परंतु खरी कसोटी वेळेची आहे. व्याघ्र प्रकल्पातील वनभ्रमंती जुलै ते सप्टेंबर बंद असते. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. म्हणून नऊ महिन्यांच्या मिळकतीतून बारा हप्ते फिटतील, एवढेच कर्ज घ्यावे. पर्युषण याच बंद काळात येते. तेव्हा धर्माराधनेसाठी चूल विझली तरी तोटा अल्पच.

दुसरा हिशेब सायंकाळचा. पर्यटक अरण्यातून परततो तो दिवस मावळताना. चौविहार पाळणाऱ्या घराने रात्रीचे उत्पन्न जमेस धरूच नये. सकाळची न्याहारी आणि दुपारचे वरणभाताचे ताट यांवर खर्च भागत असेल, तरच पाटी लावावी.