भरल्या गाडीचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या कुटुंबासोबत अमेरिकेत डेन्व्हरहून यलोस्टोनला जाण्याचा योग आला. पिकअपमागे जोडलेला ट्रेलर म्हणजे चालते-फिरते घरच! कागदावर त्याचे वजन २,००० किलो. पण ते रिकाम्या घराचे. टाकीतले १५० लिटर पाणीच १५० किलोंचे. शिवाय गॅस, शिधा, अंथरुणे, सायकली. अंदाज निघाला २,५०० किलोंचा.

भाच्याने मात्र शहराबाहेर ट्रकच्या काट्यावर आधी ट्रेलरसह, मग एकटी पिकअप तोलून वजाबाकी केली. भरले २,६४०; मर्यादा २,६००. त्याने ६० लिटर पाणी सोडून दिले आणि मागच्या टोकाच्या सायकली पुढे घेतल्या. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर हवा. कमी पडला तर ट्रेलर डोलू लागतो. वायोमिंगमध्ये लॅरमीनंतर वारा तर असा, की उंच, रिकामे ट्रकही आडवे होतात.

आपल्याकडे उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतात. तो हिशेब पैशांचा. तिथे मागच्या आसनावर दोन लेकरे झोपली होती.