सांग्रोकाठची नोंद

मराठी कुटुंबाला आपला पूर्ववृत्तांत शोधावयाचा झाला, तर त्याची पावले सहसा नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे वळतात. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे, गावे आणि नातीगोती जपलेली असतात. लेखणीशी पूर्वापार संबंध असलेल्या घराण्यांनी तर विसाव्या शतकात आपले कुलवृत्तांत छापूनही काढले. परंतु नांगर आणि बंदूक यांवर ज्यांचा संसार चालला, त्या कुळांचा वृत्तांत बहुधा कोणी लिहिला नाही. तो विखुरलेला राहिला : काही तलाठ्याच्या दप्तरात, काही पलटणीच्या कागदांत, काही जात्यावरच्या ओव्यांत. अशाच एका कुळाच्या वृत्तांताचे एक पान इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, हे त्या कुळाला कळावयास ऐंशी वर्षे जावी लागली.

ते पान ज्यांनी शोधले, ते दांपत्य सातारा जिल्ह्यातले. पण आता वस्तीला बंगळूरच्या सर्जापूर रोडवर. एके काळी सुती विणकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या सर्जापूरकडे जाणारा हा रस्ता आज संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांनी आणि उंच निवासी इमारतींनी दुतर्फा भरून गेला आहे. नोकरीच्या निमित्ताने मुले आली. त्यांच्यामागून, सांजवेळी घर उघडे असावे आणि नातवंडांना कोणी हाक मारणारे असावे म्हणून, आईबापही आले. कैकोंड्रहळ्ळी तलावाच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांत अशी कितीतरी जोडपी दिसतात. आपले गाव मागे ठेवून आलेली ही माणसे एकमेकांना नाव विचारण्याआधी गाव विचारतात. १६३८ नंतर हेच बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही गोष्ट अशा वेळी मराठी माणसाला थोडा आधार देऊन जाते, इतकेच.

या दांपत्यातील गृहस्थ महाराष्ट्राच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. फेरफार, वारसनोंद, सातबारा हीच त्यांच्या आयुष्यभराची भाषा. बाई प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांचे माहेर कोरेगाव तालुक्यातले, आणि माहेरच्या घरात एक न उलगडलेली गोष्ट होती ती त्यांच्या थोरल्या चुलत्यांची. चुलते ‘जंगी पलटणी’त होते. १७६८ साली उभी राहिलेली ही मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. दुसऱ्या महायुद्धात आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ती इटलीत उतरली. १९४३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर चुलते गेल्याची तार गावात आली. तारेत देशाचे नाव होते, जागेचे नव्हते. घरात ‘परमुलखात गेला’ एवढेच शिल्लक राहिले.

तो काळही विलक्षण होता. त्याच १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. एका घरातला मुलगा बेळगावच्या केंद्रात भरती होऊन समुद्रापार जात होता, आणि शेजारच्या घराच्या माळ्यावर भूमिगतांना भाकरी पोचत होती. पुष्कळदा ही दोन्ही घरे एकाच भावकीतली असत. स्वातंत्र्यानंतर एका मुलाच्या वाट्याला गौरव आला, हे योग्यच झाले. दुसऱ्याच्या वाट्याला मौन आले. सरकारी नोकर म्हणून मेलेल्याला हुतात्मा म्हणता येईना, आणि आपला मुलगा म्हणून विसरताही येईना. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ कामी आले. त्यांच्याविषयी मराठीने फारसे लिहिले नाही, त्याचे एक कारण या कोंडीत असावे.

त्या कोंडीत सर्वांत अधिक सापडली ती थोरली काकी. लग्नानंतर जेमतेम दोन वर्षांचा सहवास, मूलबाळ नाही, आणि प्रेत पाहिले नाही म्हणून कुंकू पुसावयास वर्षभर तयार नाही. पुढे निवृत्तिवेतनाची मनिऑर्डर येऊ लागली. त्या पैशांतून घराची विहीर बांधली गेली. मात्र विहिरीखालच्या जमिनीवर काकीचे नाव कधी लागले नाही. नवरा १९४३ साली गेला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चा. मधल्या काळात दिरांची नावे चढली आणि काकी ‘घरातलीच’ राहिली. पहाटे जात्यावर तिच्या ओव्यांत बाप येई, भाऊ येई, पंढरीचा विठ्ठल येई. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही ही रीत तिने अखेरपर्यंत पाळली. १९८७ साली ती वारली, तेव्हा तिच्या नावाचा एकही सरकारी कागद घरात सापडला नाही.

पुढे बाईंनीही भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले. सही करताना काकीची आठवण झाली, असे त्या पुष्कळ वर्षांनी बोलल्या.

शोध लागला तो सर्जापूर रोडवरच्या घरात. राष्ट्रकुलातील युद्धमृतांच्या समाधींची देखभाल करणारा एक आयोग १९१७ पासून काम करतो. त्याची नोंदवही आता संगणकावर उघडते. नातवाने चुलत्यांचे आडनाव इंग्रजी अक्षरांत पाच-सहा तऱ्हांनी लिहून पाहिले, तेव्हा एका तऱ्हेला उत्तर आले. शिपायाचा क्रमांक, पलटण, तारीख, सांग्रो नदीकाठच्या युद्धसमाधिस्थळातील दहनस्मारक. खाली आणखी एक ओळ होती. गृहस्थांनी ती, जुन्या सवयीने, बोट ठेवून वाचली : अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, सातारा.

“अहो, हे काकीचं नाव,” बाई म्हणाल्या.

इंग्रज कारकुनाने ‘बाई’ हा शब्द तोडून वेगळा लिहिला होता. बाकी नाव बिनचूक होते. आपल्याकडे स्त्रीची ओळख नवऱ्याच्या नावाने पुरी होते. या वहीत नवऱ्याची ओळख तिच्या नावाने पुरी झाली होती. जिने जन्मभर त्याचे नाव उच्चारले नाही आणि जिचे नाव गावच्या दप्तराने लिहिले नाही, त्या दोघांची नावे एकाच ओळीत, परमुलखात, ऐंशी वर्षे शेजारी शेजारी उभी होती. महसूल खात्यात हयात गेलेले गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नोंद पक्की आहे. आता जागा पाहून येऊ.”

युरोपला जाणे त्यांचे तसे ठरलेच होते. मुलाने एका सहलीत दोघांची नावे घातली होती. पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसच्या नावा, रोमचे कलोसियम, आणि रात्री डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या, असा तो नेहमीचा क्रम. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’पासून (१९६०) मराठी वाचकाने युरोप पाहिला तो पाहुण्याच्या कुतूहलाने. हे दोघेही तसेच पाहात गेले, फोटो काढीत गेले. सहल रोमला संपली. इतर मंडळी विमानतळाकडे गेली आणि हे दोघे भाड्याच्या मोटारीने उत्तरेकडे निघाले.

पहिला मुक्काम उंब्रिया प्रांतातील मोंतोने. या डोंगरी गावात नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक २०२३ मध्ये उभारले गेले आहे. ते एका छायाघड्याळाच्या रूपात आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सारे जण मृत वा जायबंदी झाले असता, एकटा मशीनगनवर धावून गेला. गोळ्या भरावयास अवधी नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि ठाणे निकामी करून पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पराक्रमाला निदान एक घड्याळ तरी मिळते. ज्यांच्या हातून पदकास पात्र असे काही घडले नाही, जे नुसतेच मेले, त्यांच्यासाठी आणखी पुढे जावे लागते.

तोरिनो दी सांग्रो हे ॲड्रियाटिक किनाऱ्याजवळचे लहानसे गाव. प्रसिद्ध तोरिनो शहराशी त्याचा संबंध नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात पावसाने फुगलेली सांग्रो ओलांडताना आठव्या सैन्याची मोठी हानी झाली. उताराच्या जमिनीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा आहेत. ज्यांचे धर्माचाराप्रमाणे दहन झाले, त्यांना शिळा नाही. अशा पाचशेहून अधिक भारतीयांची नावे तेथील दहनस्मारकावर कोरली आहेत. हिंदू सैनिकाला जमिनीचा तुकडा मरणानंतरही लागत नाही. नाव पुरते.

बाईंनी चुलत्यांचे नाव शोधून काढले. भिंतीवर काकी नव्हती. भिंत फक्त मेलेल्यांची नावे सांगते. मागे राहिलेल्यांची नावे नोंदवहीत. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, पाणी सोडले, हात जोडले. पिंड, तर्पण, श्राद्ध यांतले काय करण्याचा अधिकार पुतणीला आहे, हा प्रश्न कोणी काढला नाही. गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. वरच्या ओळींत इंग्लंड-कॅनडातून आलेल्या नातवंडांचे दोन-दोन शब्द होते. “लिही काहीतरी,” गृहस्थ म्हणाले. शिक्षिकेच्या ठसठशीत देवनागरीत बाईंनी प्रथम चुलत्यांचे नाव लिहिले, त्यापुढे काकीचे; खाली गाव, तालुका, जिल्हा. अभिप्रायाचा रकाना मोकळाच राहिला. गृहस्थांनी ती ओळ एकवार तपासली, आणि पूर्वी फेरफारावर करीत तशी, तारीख घालून खाली सही केली.