दवात भिजलेली तंबाखू

निपाणीकडच्या आमच्या भागात तंबाखूचे शेंडे खुडून झाले की पानांच्या बगलेतून फुटवे येतात. ते वेळेवर काढले नाहीत तर पान पोसत नाही. हे काम बहुतेक बायकांचं. ऊन चढायच्या आत रान उरकावं म्हणून त्या दव असतानाच सरीत शिरतात आणि कमरेपर्यंत भिजतात. हातावर काळपट, चिकट चीक बसतो.

माझी चुलती या कामाला जायची. तंबाखू सोडाच, मिश्रीलाही तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तरी दुपारपर्यंत तिचं डोकं गरगरायचं, संध्याकाळी ओकाऱ्या सुरू व्हायच्या आणि रात्रभर पोटात कळा. तिच्या जोडीची बाई मिश्री लावायची. ती मात्र खुशाल भाकरी खायची. "तंबाखू लागलीया तुला. ताक पी आन् पड जरा," म्हणायची. मुकादमानं चुलतीला नाजूक ठरवलं. डॉक्टरांनी आधी दिवस गेलेत का विचारलं, मग पित्ताच्या गोळ्या दिल्या.

ती नाजूक नव्हती. तिला विषबाधा होत होती.

पानातलं निकोटिन दवात विरघळतं आणि ओल्या कातडीतून थेट रक्तात जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या १९९३ सालच्या अहवालानुसार १०० मिलिलिटर दवात ९ मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असू शकतं, म्हणजे साधारण सहा सिगारेटींइतकं. त्याआधीच्या वर्षी केंटकीत ४७ मजुरांना या त्रासामुळे तातडीचे उपचार घ्यावे लागले होते. आणि आमच्याकडची तंबाखू बिडीची, सिगारेटच्या तंबाखूहून जास्त निकोटिनची. जोडीच्या बाईच्या अंगाला मिश्रीमुळे निकोटिनची सवय झालेली, म्हणून ती तगून राहायची. त्या सवयीची किंमत ती वेगळीकडे मोजत होतीच.

हा आजार नवा नाही. फ्लोरिडातल्या मजुरांमध्ये त्याची नोंद १९७० साली झाली. 'ग्रीन टोबॅको सिकनेस' असं त्याला म्हणतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना संरक्षक साधनं देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या लघवीतलं निकोटिन घटलं. इतका साधा उपाय! निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी आंदोलन करताना पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली. पण रानातल्या बाईच्या ओल्या लुगड्याविषयी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

फवारणीच्या औषधानंही अशीच ओकारी आणि चक्कर येते, त्यामुळे निदान चुकतं. उपचार मात्र दोन्हींचे वेगळे.

तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे: बायकांना दव उतरल्यावर रानात बोलवा, रबरी हातमोजे द्या, कपडे भिजलेच तर बदलायला आणि साबणानं हातपाय धुवायला वेळ द्या. डॉक्टरांनो, ओकाऱ्या होतात म्हणून आलेल्या बाईला गोळी लिहून देण्याआधी ती आज कुठल्या रानात होती, एवढं विचारा.