लिंगभावाची अट नसलेले आकर्षण

पॅनसेक्शुअॅलिटी हा लैंगिक कलाचा एक प्रकार आहे. समोरची व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, ट्रान्सजेंडर असो वा नसो, किंवा स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच न मानणारी असो, पॅनसेक्शुअल माणसाची ओढ त्यावर ठरत नाही. रूप, स्वभाव, बोलणे-चालणे यांचा प्रभाव त्याच्यावरही पडतोच. लिंगभावाची अट तेवढी नसते.

‘शिट्स क्रीक’ या २०१५ साली सुरू झालेल्या कॅनडातील मालिकेत हे हसतखेळत आले आहे. वाइन खरेदी करताना स्टीव्ही आपला मित्र डेव्हिड याला आडून विचारते: तुला फक्त रेडच आवडते असे वाटले होते, तो माझा गैरसमज का? डेव्हिड सांगतो, रेड चालते, व्हाइट चालते, रोझेही चालते. बाटलीवरच्या लेबलाशी त्याला देणेघेणे नाही.

उभयलैंगिकता पॅनसेक्शुअॅलिटीच्या अगदी जवळची. उभयलैंगिक व्यक्तीला एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटते. मात्र त्या आकर्षणात लिंगभावाचा वाटा असू शकतो. पॅनसेक्शुअल व्यक्तीच्या लेखी तो गौण असतो. दोहोंमधली सीमारेषा पुसट आहे आणि काही जण स्वतःसाठी दोन्ही शब्द वापरतात.

कोणाविषयीही आकर्षण वाटू शकते, याचा अर्थ सरसकट सर्वांविषयी वाटते असा नाही. एकनिष्ठ राहणे न राहणे हा वर्तनाचा प्रश्न आहे, कलाचा नव्हे. जोडीदारावरूनही कल ओळखता येत नाही. ब्रिटनच्या खासदार लैला मोरान यांनी २०२० मध्ये आपण पॅनसेक्शुअल असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांची जोडीदार स्त्री होती; त्याआधी त्यांचे नाते पुरुषाशी होते. जोडीदार बदलला, कल तोच राहिला.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे पॅनसेक्शुअल व्यक्तीला प्रेमात पडताना लिंगभाव आड येत नसला, तरी तिचे लग्न नोंदवले जाणार की नाही, हे आजही जोडीदाराच्या लिंगावरच ठरते.