सागावरची रेघ

रंधा मशीनमधून निघालेल्या सागाच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ उमटते आणि कारागीर थांबतो. फळी उजेडात तिरकी धरतो. बोटाला आधी कळतं, डोळ्याला मागाहून.

कारागीर बालाघाटचा, साग-सालाच्या जंगलांच्या जिल्ह्यातला. सागात मुळातच सिलिका असते. स्टीलचं पातं ती लवकर बोथट करते. रंध्याच्या फिरत्या रोळावर बसवलेली कार्बाइडची छोटी चौकोनी पाती, म्हणजे इन्सर्ट, तिच्यापुढे बरीच टिकतात. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधण्याच्या रीतीचं पेटंट 1923 मध्ये जर्मनीत ऑस्राम कंपनीच्या कार्ल श्रोटर यांनी घेतलं, तेही दिव्याची तार ओढण्याच्या साच्यांसाठी. दिव्यातून रंध्यापर्यंत! मन या प्रवासात रेंगाळतं.

एका इन्सर्टला चार धारा. एक बोथटली की वीज बंद करून, स्क्रू सैल करून तो 90 अंशांनी फिरवायचा. खरी निगा बैठक पुसण्यात आहे. राळेचा थर किंवा भुशाचा कण खाली राहिला की इन्सर्ट केसभर उचलला जातो आणि फळीवर रेघ उमटते. स्क्रू अती आवळला तर ठिसूळ कार्बाइड तडकतं.

कित्येक दशकं वाढलेल्या लाकडासाठी एवढी सफाई करायलाच हवी.

रेघ कुठल्या इन्सर्टची? फळीच्या कडेपासून अंतर मोजून तो शोधावा लागतो. कधी दोघांवर संशय येतो.