जिथे वारा पाणी भरायचा!

फ्रान्समधल्या लोआर खोऱ्यात जाणारी मंडळी जातात ती शातो, म्हणजे राजवाडे बघायला. मीही त्यासाठीच गेले होते. पण खरं सांगू? चौथ्या शातोनंतर सगळी झुंबरं सारखीच दिसायला लागतात! मग एक दुपार राखून ठेवली तूर शहराच्या आग्नेयेला असलेल्या दोलू-ल-सेक नावाच्या छोट्याशा गावासाठी. 'सेक' म्हणजे कोरडं. पाण्याचं दुखणं गावाच्या नावातच आहे, आणि त्यावरचा इलाज बघायला मी चालले होते. तो म्हणजे एक पवनचक्की.

पवनचक्की म्हटलं की आपल्याला ठोसेघरच्या ट्रिपमध्ये दिसणारी चाळकेवाडीची पठारं आठवतात. तीन लांब पाती, आणि काम वीज बनवायचं. ही बया मात्र वेगळीच! उंच लोखंडी खांब, त्याला वेटोळं घालत वर जाणारा नाजूक जिना आणि टोकाला चक्क विमानाच्या इंजिनासारखं दिसणारं गोल चाक. खरं तर चाकं दोन आहेत. पुढचं स्थिर असतं. त्याची वाकडी पाती वाऱ्याला योग्य कोनात वळवून मागच्या फिरत्या चाकावर सोडतात. बाजूचा छोटा पंखा सगळं डोकं आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळवतो. खांबातून खाली आलेला दांडा पंप चालवतो, की पाणी वर! ना वीज, ना डिझेल.

हे डोकं अर्नेस्ट-सिल्व्हँ बोले यांचं. ल माँ शहरात (हो, तेच चोवीस तासांच्या कार रेसवालं!) त्यांचा धंदा होता चर्चच्या घंटा ओतण्याचा. १८६८ मध्ये त्यांनी या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मुलगा ओग्युस्त याने सुधारणा करून ते देशभर विकलं. दुसरा मुलगा आमेदे याने १८७३ मध्ये वाफेवरची मोटारगाडी बनवली आणि दोन वर्षांनी ती ल माँहून थेट पॅरिसला नेली. काय घर असेल ते! आज फ्रेंचमध्ये वीज बनवणाऱ्या पवनचक्कीलाही 'एओलिएन' म्हणतात. तो शब्दही या बोले मंडळींनीच रुळवला.

आता गंमत बघा. इतकं देखणं यंत्र घेणार कोण? अर्थातच शातोवाले. बाग, कारंजी, घरात नळाचं पाणी... पण काही यंत्रं साध्या गावांतही आली आणि तिथल्या 'लाव्हुआर'ला पाणी देऊ लागली. लाव्हुआर म्हणजे गावाची धुणं धुण्याची जागा. वर छप्पर, मध्ये दगडी हौद आणि कडेला उतरते दगड. १८५१ च्या एका कायद्याने अशा जागा बांधायला सरकारी मदत मिळू लागली. कॉलऱ्याच्या साथींनी स्वच्छतेची किंमत शिकवली होती ना!

त्या काळी चादरी-टॉवेलांचं मोठं धुणं वर्षातून मोजक्याच वेळा निघायचं. कपडे राखेच्या गरम पाण्यात मुरवायचे आणि मग ढकलगाडीवर लादून लाव्हुआरला आणायचे. गवत भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बायका ते लाकडी थापीने बडवायच्या, हिवाळ्यात बर्फगार पाण्यातसुद्धा. गावभरच्या बातम्याही इथेच पिळून निघायच्या. आपल्या ऑफिसातला कॉफी मशीनचा कोपराच म्हणा!

वाऱ्याने या बायकांचं बडवणं-पिळणं वाचवलं नाही. पण विहिरीतून शेकडो बादल्या ओढणं वाचवलं. नदीकाठच्या गावाला याचं काय अप्रूप? पण कोरड्या गावात दंड भरून येणं म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. जे यंत्र श्रीमंतांच्या कारंज्यांसाठी शोभलं असतं, ते इथे बायकांच्या धुण्यासाठी राबलं. म्हणूनच त्या चार शातोंपेक्षा मला ते मोठं वाटलं. पुढे घरोघर नळ आले, वॉशिंग मशीन आलं आणि लाव्हुआर हळूहळू शांत झाले.

जायचं कसं? पॅरिसहून टीजीव्हीने तूरला साधारण सव्वा तासात पोचता येतं. तिथून भाड्याची गाडी घ्या आणि लोशच्या दिशेने निघा. लोशचा जुना किल्लाही त्याच दिवशी होतो. आणि हो, त्या बारीक जिन्याकडे मान वर करून जरा निवांत बघा. इथे तिकिटाची रांग नाही, की 'पुढे सरका' म्हणणारा गाइड नाही!